देवराईतल्या गोगलगाई आणि टाचण्या: नोंद पक्की कशी करावी?

व्हाळाकाठ

नमस्कार मंडळी,

आंबोली ते दोडामार्ग पट्ट्यातल्या काही देवराया आणि त्यांच्यातून वाहणारे व्हाळ (ओढे) इथल्या जमिनीवरच्या गोगलगाई आणि टाचण्या (चतुरांसारखे पण सडपातळ कीटक) यांची रीतसर नोंद करायची आहे. पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत पक्षी-फुलपाखरांची पानं भरलेली आहेत, या दोन गटांची जवळपास कोरी. काम करणारे पाच-सहा जण, त्यातल्या दोघांकडे मॅक्रो लेन्स, बाकीच्यांकडे मोबाइल. जवळच्या महाविद्यालयातला सूक्ष्मदर्शक वापरायला मिळेल.

अडचणी अशा:

१) टाचण्यांचे स्वच्छ फोटोसुद्धा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जीनसपाशी (प्रजातीच्या वरच्या पायरीशी) अडकतात. विशेषतः दाट सावलीतल्या व्हाळावरच्या त्या लांबसडक, काळ्या-पांढऱ्या. नेमका कशाचा फोटो हवा?

२) गोगलगाई मोठ्या तेवढ्याच सापडतात. बारीक प्रजाती शोधायच्या कशा?

३) एका शाळेच्या जुन्या संग्रहातल्या शंखांवर पांढरी भुकटी आली आहे, काही तर बोटाने चुरतात. ही बुरशी का? नव्या संग्रहात कशी टाळायची?

४) नमुने घ्यायला परवानगी लागते का, की फोटोंवर भागेल?

नावांची लांबलचक यादी हा हेतू नाही. पुढे कुणाला एखाद्या नोंदीबद्दल शंका आली तर ती तपासता यावी, एवढं हवं.

---

चाळण

गोगलगाईंपुरतं लिहितो.

मोठ्याच सापडतात, कारण बाकीच्या उभ्याने दिसत नाहीत. डिप्लोमॅटिना, सायथोपोमा यांचे शंख दोन-चार मिलिमीटरचे असतात, पालापाचोळ्यात मातीच्या कणासारखे. त्यामुळे डोळ्यांनी शोधणं आणि पालापाचोळा चाळणं ही दोन्ही कामं प्रत्येक ठिकाणी करावीच लागतात. एकच केलं तर यादी हमखास एकांगी होते.

दोरीने २० × २० मीटरचा चौकोन आखा. दोघांनी प्रत्येकी एक तास फक्त शोधायचं: कुजक्या ओंडक्याची खालची बाजू, बुंध्यातल्या खाचा, नेच्यांच्या मुळांतलं शेवाळ, कातळाच्या फटी, पानांची खालची बाजू. उलटलेला दगड किंवा ओंडका जसा होता तसाच परत ठेवायचा. देवळाभोवतीच्या जुन्या चुन्याच्या भिंती सोडू नका. जांभ्याच्या जमिनीत कॅल्शियम धुपून गेलेलं असतं आणि शंख बांधायला कॅल्शियम लागतंच, म्हणून चुना असलेल्या जागी गोगलगाई गोळा झालेल्या दिसतात. भिंतीवरची नोंद मात्र वेगळी लिहा, जंगलाच्या नोंदीत मिसळू नका.

मग त्याच चौकोनातल्या सात-आठ जागांहून मिळून पाच लिटर पालापाचोळा आणि वरची सेंटिमीटरभर माती घ्या. दहा मिलिमीटरच्या जाळीवर तिथेच झटकून मोठी पानं टाकून द्या आणि खाली पडलेला चुरा कापडी पिशवीत भरा. प्लॅस्टिकची पिशवी नको. एका रात्रीत आत घाम धरतो, जिवंत प्राणी मरून सडतात आणि सगळ्या मालाला वास मारतो.

घरी आल्यावर चुरा वर्तमानपत्रावर सावलीत पसरा. पहिल्या दिवशी जिवंत गोगलगाई कडेला सरकू लागतात, त्या ओल्या कुंचल्याने उचला. चिमटा लावला तर शंखाचा ओठ फुटतो, आणि ओळख बरेचदा ओठावरच असते. चुरा खडखडीत वाळला की ५, २, १ आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून एकापाठोपाठ एक काढा. प्रयोगशाळेच्या चाळण्या नसतील तर रव्याची आणि मैद्याची चाळण चालते, फक्त भोकाचं माप एकदा पट्टीखाली मोजून ठेवा. प्रत्येक थर काळ्या ताटात पातळ पसरून दहापट भिंगाखाली बघायचा.

वेळ वाचवायला तरंगवण्याची पद्धत आहे. वाळलेला चुरा बादलीभर पाण्यात हलकेच सोडायचा. रिकाम्या शंखात हवा असते, ते वर येतात, चहाच्या गाळणीने काढून घ्यायचे. यात दोन ठिकाणी फसगत होते. चुरा थोडा जरी ओलसर असला तर शंख बुडतात. आणि मातीने भरलेले शंख व जिवंत गोगलगाई वाळल्यावरही बुडतातच. म्हणून तळाच्या गाळातला निदान एक भाग हाताने तपासल्याशिवाय फेकू नका.

व्हाळाच्या वळणावर पुराने आणून टाकलेल्या कचऱ्यात शंखांची लयलूट असते. ते जरूर घ्या, पण "पुराचा गाळ" असं ठळक लिहून. तो शंख चार किलोमीटर वरून वाहत आलेला असू शकतो, देवराईच्या यादीत तो धरायचा नाही. तसंच प्रत्येक शंखाची अवस्था लिहा: जिवंत, ताजा रिकामा (वरची तपकिरी साल शाबूत), किंवा पांढरा पडलेला जुना. प्रजाती आज तिथे आहे की नाही, हे या तीन शब्दांवरून ठरतं.

आता ओळख. पहिला फाटा जिवंतपणीच कळतो. शिंगांची एकच जोडी, डोळे त्या शिंगांच्या बुडाशी आणि शंखाला झाकण: ही सायक्लोफोरिडी, डिप्लोमॅटिनिडी वगैरे झाकणवाली मंडळी. शिंगांच्या दोन जोड्या, डोळे लांब शिंगांच्या टोकाला आणि झाकण नाही: ही फुफ्फुसवाली. झाकण म्हणजे अर्धी ओळख, ते शंखाबरोबर त्याच कुपीत ठेवा. टेरोसायक्लॉसचं झाकण वाटीसारखं आणि चुनखडीचं, सायक्लोफोरसचं पातळ आणि शिंगासारखं. शंखावरूनही पटकन चाचपता येतं: टेरोसायक्लॉसच्या तोंडाशी वरच्या शिवणीजवळ पंखासारखी पाळी असते.

शंखाचे चार फोटो काढा: तोंड समोर आणि अक्ष उभा, त्याच्या नेमकी पाठची बाजू, थेट वरून आणि थेट खालून. खालच्या फोटोत नाभीचं भोक दिसलं पाहिजे: उघडं, अर्धं झाकलेलं की बंद. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी हवी आणि ती शंखाच्या ज्या भागावर फोकस आहे त्याच उंचीवर. ताटात खाली ठेवलेली पट्टी माप चुकवते.

फोटो आरशासारखा उलटणारं कुठलंही ॲप वापरू नका. आपल्याकडची एरिओफँटा लेव्हिपेस डावखुरी आहे: शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला तर तोंड डावीकडे येतं. उलटलेल्या फोटोत ती उजवी होते आणि सगळी ओळख कोसळते. जिवंत प्राण्याचा श्वासरंध्राच्या बाजूचा फोटोही घ्या, उजव्या शंखात ते उजवीकडे असतं, डावखुऱ्यात डावीकडे.

मोजमाप फक्त पूर्ण वाढलेल्याचं. कमेनिडी आणि सायक्लोफोरिडी या कुळांत वाढ संपली की ओठ जाड होतो किंवा बाहेर वळतो, त्यामुळे प्रौढ ओळखणं सोपं. एरिओफँटिडीत ओठ शेवटपर्यंत पातळच राहतो. तिथे शंखावरून वय सांगता येत नाही, जननेंद्रियांची वाढ बघावी लागते. मॅक्रोक्लॅमिसच्या किती "नव्या" जाती म्हणजे दुसऱ्याच कुणाची पिल्लं असतात, याचं कारण हे.

म्हणून प्रत्येक अनोळखी प्रजातीचे एक-दोन पूर्ण प्राणीही लागतात. पाणी उकळून गार करा (उकळल्याने त्यातली हवा जाते), बाटली काठोकाठ भरा, गोगलगाय आत टाकून हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावा. बारा ते चोवीस तासांत ती पूर्ण बाहेर पसरते. शिंगाला सुईने स्पर्श करूनही आक्रसली नाही की सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. घाईने थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर आत गोळा होऊन बसते आणि विच्छेदन होत नाही. फार वेळ पाण्यात राहिली तर सडते.

डीएनएसाठी दुसरा प्राणी थेट ९५-९६ टक्के अल्कोहोलमध्ये. झाकणवाली गोगलगाय दार लावून घेते आणि अल्कोहोल आत शिरतच नाही, म्हणून शेवटच्या वेढ्याला तोंडाच्या विरुद्ध बाजूला सुईने भोक पाडा. अल्कोहोल प्राण्याच्या दहापट आणि दुसऱ्या दिवशी बदललेलं, कारण अंगातलं पाणी त्याला पातळ करतं. फॉर्मलीन अजिबात नको. ते आम्लधर्मी होत जातं, शंख खातं आणि डीएनएची वाट लावतं.

अर्धशंखी (ज्यांचं अंग छोट्या शंखात मावत नाही अशा) गोगलगाईंना शंखापेक्षा अंग महत्त्वाचं. आंबोलीहून २०२१ साली वर्णन झालेली वरदिया अंबोलीएन्सिस या गटातली. नुसता नखाएवढा पातळ शंख हाती असेल तर तिथे कुणीच ठामपणे काही सांगू शकणार नाही.

मोठी आफ्रिकी शंखी गोगलगाय हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. तिच्यात उंदरांच्या फुफ्फुसातल्या कृमींच्या अळ्या असू शकतात, त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. ही गोगलगाय ब्रिटिश शंख-अभ्यासक बेन्सनने १८४७ साली कलकत्त्यात आणून सोडली. ती देवराईच्या कोणत्या कडेपर्यंत पोचली आहे, ही नोंद स्वतंत्रपणे ठेवण्यासारखी आहे.

---

पंखशीर

टाचण्यांचं सांगतो.

तुम्ही म्हणता त्या लांबसडक काळ्या-पांढऱ्या म्हणजे प्रोटोस्टिक्टा असाव्यात. मेअखेरपासून पावसाळाभर त्या दिसतात, व्हाळाच्या काठाखालच्या पोकळीत लोंबणाऱ्या मुळांना आणि नेच्यांना लटकलेल्या. उभं राहून बघितलं तर नजरेला पडत नाहीत. पाण्याच्या पातळीला डोळे आणले की पोटावरच्या फिकट कड्या अंधारात हलताना दिसतात.

फोटो जीनसपाशी अडकतो कारण बहुतेक फोटो एका बाजूने, पूर्ण प्राण्याचा, सुंदर असा असतो. प्रजाती ठरते ती पोटाच्या शेवटच्या टोकावर. नरांना तिथे चिमट्याच्या दोन जोड्या असतात, वरची आणि खालची. मादीला धरायला त्या वापरल्या जातात आणि प्रजातीगणिक त्यांचा आकार बदलतो. रंग वय, ऊन आणि ओल यांप्रमाणे फिरतो, चिमट्यांचा आकार फिरत नाही.

प्रत्येक नराचे एवढे फोटो: पूर्ण प्राणी बाजूने, कॅमेरा शरीराला समांतर; चेहरा समोरून, वरच्या ओठाचा रंग दिसेल असा; मानेचा वलयखंड आणि छाती वरून; आठव्या ते दहाव्या खंडाचा जवळून फोटो, एकदा बाजूने आणि एकदा वरून; मागच्या पंखाचं बूड पांढऱ्या कागदावर, शिरा मोजता येतील एवढं स्पष्ट. दुसऱ्या खंडाच्या खालच्या बाजूचा, म्हणजे नराच्या दुय्यम जननेंद्रियांचा, फोटो जमला तर सोन्याहून पिवळं. भिंग ९० ते १०५ मिलिमीटरचं, छिद्र एफ ११ च्या आसपास, फ्लॅशवर पांढरं विसरक कापड. मोबाइलवाल्यांनी क्लिपचं मॅक्रो भिंग लावून फक्त शेवटच्या टोकाचे फोटो काढायची जबाबदारी घ्यावी. त्या कामात ते कमी पडत नाहीत.

बसलेल्या टाचणीचे हे सगळे कोन मिळत नाहीत. मऊ जाळीने अलगद पकडा, चारही पंख पाठीवर एकत्र मिटवून अंगठा आणि तर्जनीत धरा, पोटाला किंवा पायांना हात लावू नका. फोटो झाले की त्याच फांदीवर सोडा. पंख काचेसारखे चकचकीत आणि अंग फिकट असेल तर ती नुकतीच कात टाकून बाहेर आलेली आहे, तिला पकडूच नका. पंख अजून मऊ असतात, बोटात चुरगळले की ती पुन्हा उडत नाही. शिवाय रंग भरलेला नसल्याने तिचा फोटो ओळखीला फारसा उपयोगी नसतो.

चिमट्यांचा फरक किती सोपा असू शकतो याचं उदाहरण तुमच्याच भातखाचरात आहे. ॲग्रिओक्नेमिस पिग्मिया आणि ॲग्रिओक्नेमिस फेमिना, दोन्ही बोटाच्या पेराएवढ्या. पिग्मियाच्या नराचे वरचे चिमटे खालच्यांपेक्षा लांब, फेमिनाचे खालचे लांब. बाजूने काढलेला एक फोटो पुरतो. वरून काढलेले वीस फोटो पुरत नाहीत.

व्हेस्टॅलिसमध्ये ॲपिकॅलिसच्या पंखाचं टोक काळं असतं, ते लांबूनही कळतं. पण स्वच्छ पंखांच्या ग्रॅसिलिस आणि सबमॉन्टाना यांच्यात गल्लत होते, तिथे परत चिमटेच. युफियामध्ये मागच्या पंखाचं काळं टोक कुठवर पसरलं आहे ते मोजायचं, म्हणून पंख उघडलेला फोटो हवा. सेरिॲग्रिऑनच्या पिवळ्या नराला डोळे मिटून कोरोमंडेलियानम म्हणू नका. सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स हे सिंधुदुर्गातूनच २०१९ साली वर्णन झालं आहे आणि तुमचा पट्टा त्याच जिल्ह्यात आहे.

माद्या अवघड. त्यांच्यात मानेच्या वलयखंडाची मागची कड आणि त्यामागच्या दोन छोट्या पट्ट्या बघतात, सूक्ष्मदर्शकाखाली. इस्क्नुरात तर एकाच प्रजातीच्या माद्या वेगवेगळ्या रंगांच्या असतात. जोडी जुळलेली असताना फोटो मिळाला तर मादीची ओळख नरावरून लावता येते. मात्र वेगळ्या प्रजातीची मादी धरलेले नरही क्वचित दिसतात, म्हणून "जोडीत सापडली" असं लिहा, "ओळख पक्की" असं नको.

चतुर-टाचण्यांसाठी फ्रेझरची १९३३ ते १९३६ मधली तीन खंडांची चावी (एकेक लक्षण निवडत नावापर्यंत नेणारा तक्ता) अजून लागते, वर्णनं फार नेटकी आहेत. पण प्रोटोस्टिक्टासाठी फक्त तिच्यावर विसंबू नका. सायनोफेमोरा २०२० ची, सँग्विनिथोरॅक्स २०२५ ची, आणि मधल्या काळातही भर पडली आहे. जुनी चावी तुमच्या प्राण्याला तिच्यात असलेल्या नावांपैकी एकावर नेऊन सोडते, त्याचं खरं नाव तिच्यात नसलं तरी.

---

पाणथळ

वरचं सगळं मान्य, एका गोष्टीवर वेगळं मत आहे. देवराईतला व्हाळ म्हणजे शे-दोनशे मीटरचा सावलीचा तुकडा. वर सडा (उघडं कातळपठार), खाली काजूची बाग. प्रोटोस्टिक्टासारखी टाचणी तो तुकडा सोडून उन्हात फारशी जात नाही, त्यामुळे तिथली वस्ती मुळात लहान. अशा ठिकाणी नमुने मारण्याआधी फोटोंचा पूर्ण संच, आणि डीएनए हवाच असेल तर एका मधल्या पायाचा तुकडा अल्कोहोलमध्ये, एवढं पुरावं. पाय गेलेली टाचणी उडते, बसते.

आणि चाळलेला पालापाचोळा वाळवल्यावर परत त्याच जागी टाकता येत नाही, त्यात जिवंत काही उरलेलं नसतं. पाच लिटर हे माप प्रत्येक देवराईत वर्षातून एकदाच धरा.

---

पंखशीर

पायाच्या तुकड्याबद्दल सहमत. नेहमीच्या प्रजातींना नमुना नकोच. पण ज्या प्रजातीची त्या तालुक्यातून नोंदच नाही, किंवा जिचे चिमटे कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत, तिचा एक प्रौढ नर संग्रहात असायला हवा. मूळ प्रश्नातच म्हटलं आहे की नोंद तपासता यावी. फोटोत न आलेला कोन पुढे कुणालाही बघता येत नाही. नमुना पुन्हा फिरवून बघता येतो. एक नर, जूनमध्ये नव्हे तर हंगामाच्या शेवटी, माद्यांनी अंडी घातल्यावर. एवढ्याने वस्तीला धक्का लागू नये.

---

चाळण

पालापाचोळ्याचं वर्षातून एकदा मान्य. भर एवढीच, की तो मार्च-एप्रिलमध्ये घ्यावा. माल कोरडा असतो, रिकामे शंख साठलेले असतात, आणि जिवंत प्राणी बरेचसे कातळाच्या फटीत, ओंडक्याखाली तोंडावर पापुद्रा धरून बसलेले असतात, म्हणजे पिशवीत कमी येतात. जिवंतांचा शोध जून-जुलैत, रात्री आठनंतर, डोक्यावरच्या विजेरीने. दोन वेगळ्या फेऱ्या, दोन वेगळ्या याद्या.

---

व्हाळाकाठ

फार उपयोगी, धन्यवाद. दोन उपप्रश्न. पावसाळ्यात टाचणी वाळवायची कशी? इथे कपडेसुद्धा वाळत नाहीत. आणि तिसऱ्या-चौथ्या मुद्द्यांवर कुणी लिहील का?

---

कुपी आणि चिठ्ठी

टाचणी आधी हवेवर वाळवूच नका, ॲसिटोनमध्ये टाका. पकडल्यावर त्रिकोणी कागदी पाकिटात पंख मिटवून काही तास तशीच जिवंत ठेवा, म्हणजे आतडं रिकामं होतं. ही पायरी गाळली तर पोटातलं अन्न कुजून खंड काळे पडतात. मग ॲसिटोनने मारून, पोट सरळ करून, पाकिटासकट ॲसिटोनमध्ये बुडवा. टाचणीला आठ ते बारा तास पुरे, जाड चतुराला चोवीस. ॲसिटोन अंगातलं पाणी आणि चरबी ओढून घेतो, त्यामुळे बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात ती कोरडी होते आणि रंग बऱ्यापैकी टिकतो. निळ्या भुकटीसारखा मेणचट थर असलेल्या प्रजातींचा तो थर मात्र विरघळतो, म्हणून आधी फोटो. तोच ॲसिटोन पुन्हा पुन्हा वापरला तर त्यात पाणी साठतं आणि नमुने चिवट, तेलकट राहतात. पिवळा पडला की बदला. काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घट्ट झाकणाची बरणी वापरा. ॲसिटोन पटकन पेटतो, खोलीत दिवा-उदबत्ती नको, खिडकी उघडी हवी.

बाहेर काढलेले नमुने टेबलावर मोकळे सोडले की तासाभरात मुंग्या पोटं नेतात. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. नंतर प्रत्येक नमुना पारदर्शक पाकिटात, पाठीला जाड कार्ड, आणि सगळी पाकिटं सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. जेलचा रंग बदलला की कढईत तापवून परत वापरता येतं, ती कढई स्वयंपाकाला नको.

आता शंखांवरची पांढरी भुकटी. ती बहुधा बुरशी नाही. भिंगाखाली बघा: बुरशीला धागे दिसतात आणि ती पुसली जाते. बारीक स्फटिकांचा थर असेल, शंखाची झळाळी गेलेली असेल आणि खोका उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तो बाइनचा रोग. नावात रोग असला तरी ही रासायनिक क्रिया आहे. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, साधा कापूस यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघते. दमट हवेत ती शंखाच्या कॅल्शियम कार्बोनेटला खाते आणि कॅल्शियमचे क्षार वर फुटतात. कोकणात कपाट बंद, हवा दमट, खोकी पुठ्ठ्याची, त्यामुळे तिन्ही कारणं एका जागी येतात.

हे क्षार पाण्यात विरघळतात. शंख डिस्टिल्ड पाण्यात काही तास ठेवून, पाणी दोनदा बदलून, पूर्ण वाळवा आणि नव्या जागी ठेवा. गेलेली नक्षी परत येणार नाही, पण झीज थांबेल. जुन्या चिठ्ठ्या अजिबात फेकू नका. त्या फाटक्या असल्या तरी नव्या चिठ्ठीच्या मागे तशाच ठेवा. चिठ्ठी हरवली की त्या शंखाची नोंद म्हणून किंमत संपते.

नवा संग्रह काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या कुप्यांत, स्टीलच्या कपाटात. बारीक शंखांना जिलेटिनच्या कॅप्सूल वापरायचा सल्ला परदेशी पुस्तकांत असतो, आपल्या पावसाळ्यात त्या मऊ होऊन शंखाला चिकटतात. कुपीत कापूसही नको. हटोनेलासारख्या शंखाच्या तोंडात दात असतात, त्यात धागे अडकतात आणि सोडवताना दात मोडतात. धुताना ब्लीच, व्हिनेगर दोन्ही वर्ज्य. क्लोरिटिसच्या शंखावर केसांची लव असते, ब्लीचने ती जाते आणि तिच्याबरोबर एक ओळखखूणही. कोमट पाणी आणि मऊ कुंचला पुरे.

चिठ्ठी पेन्सिलीने, जाड आम्लविरहित कागदावर, आणि बाटलीच्या आत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते, लेझर प्रिंटरची अक्षरं काही दिवसांत सुटून तळाशी जमतात. बाहेरून चिकटवलेला कागद हा फक्त शोधायच्या सोयीचा. मजकूर असा: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, देवराईचं नाव, अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत आणि जीपीएसने दाखवलेली अचूकता मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, महिना अक्षरात (०५/०७ मे की जुलै हा वाद कायमचा राहतो), नेमकी जागा, उदाहरणार्थ "कुजक्या ओंडक्याखाली" किंवा "पाण्यावर लोंबणारी मुळं, पाण्यापासून ३० सेंमी", पकडणाऱ्याचं नाव, नमुना क्रमांक. तोच क्रमांक फोटोच्या फाइलीला आणि डीएनएच्या कुपीला.

---

नोंदवही

परवानग्यांबद्दल. नुसते फोटो काढायचे तर देवस्थान आणि गावाची संमती घ्या, मानकऱ्यांशी आधी बोला. काही देवरायांत चपला चालत नाहीत, काहींतून पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. तिथे पालापाचोळा उचलण्याचा विषयच काढू नये, बाजूच्या जंगलात चौकोन आखा.

जमीन कोणाची हे आधी सातबाऱ्यावर बघा. बऱ्याच देवराया गावाच्या समजल्या जातात पण कागदावर वनखात्याच्या असतात. राखीव वनात वनखात्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, संवर्धन राखीव क्षेत्र यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू, अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. तुमच्या पट्ट्यात तिलारीचं संवर्धन राखीव क्षेत्र २०२० पासून आहे, आंबोलीत हिरण्यकेशीचा परिसर २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. सीमा नकाशावर तपासा.

पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या. नोंदवही तिचीच आहे आणि पुढच्या अर्जांना तो ठराव कामाला येतो. परदेशी तज्ज्ञाला नमुना किंवा ऊतकाचा तुकडा पाठवायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता आधी, पार्सल नंतर. नवी प्रजाती निघाली तर २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे तिचे नमुने अधिकृत भांडारात जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यातलं एक, त्यांचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नेहमीच्या नमुन्यांचा एक संचही तिथे किंवा मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत देण्याबद्दल आधीच पत्रव्यवहार करा, काम संपल्यावर नको. तुमचे क्रमांक त्यांच्या पद्धतीत बसवून घेता येतात.

आयनॅचरलिस्टवर दुर्मीळ, एकाच व्हाळावरच्या प्रजातींची जागा झाकलेली ठेवा. खरे आकडे नोंदवहीत असतातच.

---

चाळण

नावं लिहिण्याबद्दल एक राहिलं. न ओळखलेल्याला "ग्लेसुला, अनिश्चित १" असं लिहा आणि तो क्रमांक सगळ्या देवरायांत एकच ठेवा. इथला "अनिश्चित १" आणि तिथला "अनिश्चित १" वेगळे निघाले तर सगळी तुलना वाया जाते. त्यासाठी प्रत्येक अनिश्चित प्रजातीचा एक नमुना मापक म्हणून बाजूला काढा आणि नवा शंख त्याच्याशेजारी ठेवून ठरवा, फोटोशी ताडून नव्हे. जुळतोसा वाटतो पण खात्री नाही, तिथे नावाआधी "तुलनीय" लिहा. मनाने नवं लॅटिन नाव देऊन ते नोंदवहीत किंवा आंतरजालावर टाकू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव वैध ठरत नाही, पण ते याद्यांत शिरतं आणि मग निघता निघत नाही.

तुलनेसाठी सह्याद्रीच्या गोगलगाईंचा सचित्र आढावा २०१४ साली थायलंडमधल्या एका नियतकालिकाच्या पुरवणीत आला आहे. त्यात जुन्या मूळ नमुन्यांचे फोटो आहेत. बेन्सन, ब्लॅनफर्ड, बेडम यांनी एकोणिसाव्या शतकात नेलेले शंख बहुतांशी लंडन आणि केंब्रिजच्या संग्रहालयांत आहेत, म्हणून हे फोटो आपल्याला फार मोलाचे. चिठ्ठीवरचा "बॉम्बे" किंवा "निलगिरी" एवढाच मजकूर बघितलात की जागेचे पाच दशांश लिहायचा कंटाळा येणार नाही. ग्लेसुलाचे शंख जुळवताना उंची-रुंदीबरोबर वेढ्यांची संख्या पाव वेढ्यापर्यंत मोजा, आणि मोजणी शिवण जिथे सुरू होते तिथून. गर्भशंखाच्या (अंड्यात असतानाच तयार झालेल्या शेंड्याच्या) टोकापासून मोजली की अर्ध्या वेढ्याचा फरक पडतो, आणि या जीनसमध्ये तेवढ्याने चावीतला फाटा चुकतो.

---

व्हाळाकाठ

सातबारे आणि नकाशे आधी काढतो, समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव ठेवू. जूनच्या रात्रीच्या फेऱ्या फक्त फोटोंच्या असतील, परवानगीचं पत्र हाती आल्यावर मार्चमध्ये पालापाचोळा. ग्लेसुलाच्या मापकांचे चार बाजूंचे फोटो इथेच टाकेन, पट्टी फोकसच्या उंचीवर ठेवून.